इंदूरमध्ये रिक्रूटर म्हणून नवीन लागलात? कँडिडेटशी स्वतः बोलायचं कसं, पहिल्या फोनपासून जॉइनिंगनंतरपर्यंत

एमबीए एचआर करून या लाइनीत आलात किंवा बीकॉमनंतर थेट, पहिल्या दिवशी हातात मिळतं ते सारखंच, नोकरी डॉट कॉमचं लॉगिन, एक एक्सेल शीट आणि रोजचं टार्गेट. इतके सीव्ही काढा, इतके कॉल मारा, इतक्यांना इंटरव्ह्यूला लाइनअप करा. यात समोरच्या माणसाशी बोलायचं कसं आणि कशासाठी, हे कुणी बसून शिकवत नाही. मी इंदूरमध्ये बरीच वर्षं हेच काम करतेय, शेजारच्या पिथमपूर औद्योगिक भागातल्या प्लांटसाठी माणसं घेतली, सुपर कॉरिडॉर आणि विजयनगरच्या आयटी कंपन्यांसाठीही घेतली, आणि माझं ठाम मत आहे की ठरलेल्या तारखेला गेटवर येऊन उभा राहणारा आणि त्या दिवशी फोन बंद करून बसणारा, यांच्यात फरक पगाराचा असतोच पण त्याहून जास्त वेळा तो मधल्या दिवसांत त्याच्याशी कोणी नीट बोललं होतं की नाही याचा असतो. म्हणून हे नवीन लोकांसाठी लिहितेय, काम जसं पुढे सरकतं त्याच क्रमानं.

पायरी १: फोन करायच्या आधी तुम्ही स्वतः जागा बघून या

हे सगळ्यात जास्त टाळलं जातं. जेडीचा, म्हणजे कामाच्या वर्णनाचा कागद वाचून फोन करायला बसतात आणि कँडिडेटनं पहिलाच साधा प्रश्न विचारला, "मॅडम, सेक्टर एकला की तीनला?", की गप्प. पिथमपूरमध्ये कोणत्या सेक्टरला प्लांट आहे यावर माणसाचा रोजचा एक तास इकडे-तिकडे होतो. कागदावर इंदूर ते पिथमपूर पंचवीस-तीस किलोमीटर, पण विजयनगरहून निघणाऱ्याचा दिवस वेगळा आणि राऊला राहणाऱ्याचा वेगळा, हे बसमध्ये बसून गेल्याशिवाय कळत नाही.

तर एकदा तरी कंपनीच्या बसनं जा. पिकअप कुठे कुठे आहे ते लिहून घ्या, तीन इमली, नवलखा, भंवरकुआ, राजेंद्रनगर, जो असेल तो रूट. कँटीनमध्ये जेवा. ज्याच्या हाताखाली माणूस घ्यायचाय त्या मॅनेजरसोबत अर्धा तास बसा आणि सरळ विचारा, आधीचा का गेला, शिफ्ट बदलते का, रविवारी बोलावतात का, पहिल्या तीन महिन्यांत याच्याकडून तुम्हाला काय हवंय. मॅनेजर लोक सुरुवातीला कंटाळतात, "सीव्ही पाठवा, बाकी मी बघतो" म्हणतात, तरी चिकाटी सोडू नका. तुम्ही स्वतः पाहिलेली गोष्ट सांगता तेव्हा आवाजात फरक पडतो आणि समोरच्याला तो फोनवरही कळतो.

आणि सीव्ही पूर्ण वाचा. पाच मिनिटं लागतात. ज्याचा सीव्ही वाचलाय त्याला "आपण सध्या काय करता?" असा प्रश्न करायची वेळच येत नाही, "तुम्ही प्रेस शॉपमधून क्वालिटीला आलात, ते कसं काय?" असं विचारता येतं आणि तिथून माणूस मोकळा होतो.

पायरी २: पहिला फोन

अनोळखी नंबर आजकाल कोणी उचलत नाही, ट्रूकॉलरवर लाल दिसला तर अजिबातच नाही. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर छोटा मेसेज टाका, तुमचं पूर्ण नाव, कंपनी, कोणत्या जागेसाठी, सीव्ही कुठून मिळाला आणि कधी बोलता येईल. एवढंच. "अर्जंट ओपनिंग, इंटरेस्टेड असाल तर रिप्लाय करा" हा मेसेज त्याला आठवड्यात अनेकदा येतो, तो कोणी वाचत नाही.

कंपनीच्या ईमेलवरून एक मेलही टाका, कारण नोकरीच्या नावानं रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉप डिपॉझिट म्हणून पैसे उकळणारे खूप झालेत आणि लोक घाबरलेले असतात. पहिल्याच बोलण्यात स्वच्छ सांगून टाका, आम्ही कोणत्याही टप्प्यावर एक रुपयाही घेत नाही, आमच्या नावानं कोणी मागितला तर मला कळवा. हे सांगितल्यावर गावाकडून आलेली मुलं तर अक्षरशः सुटकेचा श्वास टाकतात.

वेळेचं भान ठेवा. पिथमपूरवाल्यांना दिवसा फोन लावून काही फायदा नाही, बऱ्याच ठिकाणी शॉप फ्लोअरवर मोबाइल चालत नाही. शिफ्ट सुटल्यावर लावाल तर तो कंपनीच्या बसमध्ये असतो. समजा एक क्वालिटी इंजिनियर आहे, जनरल शिफ्ट करून बसमध्ये बसलाय, शेजारी त्याचाच सुपरवायझर डुलक्या घेतोय. तुम्ही विचारताय आणि तो "हं", "हं", "नाही", "बघतो" इतकंच बोलतोय. नवीन रिक्रूटर शीटमध्ये लिहितो, कम्युनिकेशन वीक, नॉट इंटरेस्टेड. चांगला माणूस तिथेच गेला. हाच फोन असा होऊ शकतो:

"नमस्कार, मी सकाळी मेसेज केला होता, एचआरमधून. आत्ता बोलू शकता का?"

"हं... आत्ता जरा..."

"बसमध्ये आहात का? मग मी बोलत नाही जास्त. फक्त हो-नाही सांगा, घरी पोचून जेवण झाल्यावर, साडेआठला करू?"

"हो, चालेल."

"ठीक, साडेआठला करते."

आणि मग साडेआठलाच करायचा. पावणेनऊला नाही. तुमच्या बाजूनं पाळलेला हा पहिला शब्द असतो.

भाषेचं म्हणाल तर इंदूरमध्ये सुरुवात हिंदीतच होते आणि तशीच व्हावी. आडनाव मराठी दिसलं म्हणून लगेच मराठीत सुरू होऊ नका, आपल्याकडे कितीतरी घरांत पोरं आजीशी मराठी बोलतात आणि बाहेर सगळं हिंदीत. त्यानं मराठी काढली तर तुम्हीही काढा, गप्पा मोकळ्या होतात, रामबागेत राहता का, लोकमान्यनगरला कोण नातेवाईक, हे सगळं होईल. होऊ द्या, पण त्यावरून त्याला बाकीच्यांपेक्षा वरचा नंबर द्यायचा नाही, याबद्दल पुढे लिहिलंय.

विचारायचं काय? नोकरी का बदलायची आहे, हे सगळ्यात आधी, आणि विचारून गप्प बसायचं. पहिलं उत्तर नेहमी "बेटर ऑपॉर्च्युनिटी" असतं, दोन-तीन सेकंद तुम्ही काही बोलला नाहीत तर दुसरं उत्तर येतं आणि खरं ते असतं, वडिलांची तब्येत, रात्रपाळी झेपत नाही, सात महिने पगार उशिरा होतोय. मग घर कुठे, येणार-जाणार कसं, नोटीस पीरियड किती, सध्या हातात किती येतात, अजून कुठे बोलणं चालू आहे. पदवी होऊन भंवरकुआच्या बाजूला रूम घेऊन राहणारा असेल तर एमपीपीएससी (मध्य प्रदेश लोकसेवा आयोग) किंवा आणखी कोणत्या सरकारी परीक्षेची तयारी चालू आहे का, हेही प्रेमानं विचारा. दरडावून विचाराल तर खोटं सांगेल. "देत असाल तर द्या, फक्त परीक्षेच्या आधी किती दिवस सुट्टी लागेल ते आत्ता सांगा, मी मॅनेजरशी बोलून ठेवते" असं म्हटलं की खरं बाहेर येतं आणि दोघांचं काम सोपं होतं.

लग्न कधी, मूल कधी, जात कोणती, हे विचारायचं नाही, आडवळणानंही नाही. मुली शिफ्ट आणि कॅबबद्दल विचारतीलच, नाही विचारलं तर तुम्ही स्वतःहून सांगा, रात्री किती वाजता सुटते, गाडी दारापर्यंत येते की चौकापर्यंत, गार्ड असतो का.

फोन ठेवला की दोन ओळी लिहून ठेवा, काय बोललो, त्याला काय महत्त्वाचं वाटतं, पुढचा फोन कधी. पुढच्या वेळी "आईचं ऑपरेशन झालं का नीट?" हे विचारता येतं ते यामुळे. पण आजारपण, घरची भांडणं असले तपशील शीटमध्ये टाकू नका, ती शीट दहा जण उघडतात, स्वतःच्या वहीत ठेवा. सीव्ही दुसऱ्या कन्सल्टंटच्या ग्रुपवर फिरवणं तर बंदच करा. २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याचा पायाच संमती हा आहे, पण कायदा नसता तरी एखाद्याचा नंबर आणि पगार त्याला न विचारता पन्नास जणांना दाखवणं चूकच.

पायरी ३: कामाची वाईट बाजूही सांगा

टार्गेट डोक्यावर असलं की सगळं गोड सांगायचा मोह होतो. बस येते, कँटीन आहे, ग्रोथ आहे. उन्हाळ्यात शेडमध्ये किती तापतं ते कोणी सांगत नाही, सपोर्ट प्रोसेसमध्ये अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्रभर बसावं लागतं हे ऑफर लेटरच्या तिसऱ्या पानावर कळतं.

१९७३ साली जॉन वॅनस नावाच्या संशोधकानं अमेरिकेत टेलिफोन ऑपरेटरच्या भरतीत हे तपासून पाहिलं होतं, काही उमेदवारांना कामाची फक्त चांगली बाजू दाखवणारी फिल्म दाखवली आणि काहींना चांगली-वाईट दोन्ही. खरं चित्र पाहिलेल्यांनी नोकरी घ्यायला काही फार नकार दिला नाही, उलट नंतर नोकरी सोडायचे विचार त्यांच्या मनात कमी आले. आमच्याकडेही तेच दिसतं. "एप्रिल-मेमध्ये शेडमध्ये त्रास होतो, कूलर आहेत पण तुमच्या लाइनीपर्यंत हवा कमी येते" हे मी सांगते, दोघं-तिघं तिथेच नाही म्हणतात, बरंच झालं की, ते महिन्याभरानं सोडून गेले असते.

पायरी ४: इंटरव्ह्यूला बोलावताना

मेसेजमध्ये फक्त तारीख-वेळ आणि गूगल मॅप टाकून मोकळं होऊ नका. कोण घेणार, किती राऊंड, साधारण किती वेळ जाईल, लेखी टेस्ट आहे का, गेटवर कोणतं ओळखपत्र लागतं, कोणाचं नाव सांगायचं, हे सगळं लिहा. रजा टाकून येतो माणूस, कधी अर्ध्या दिवसाचा पगार जातो. त्याला दोन तास रिसेप्शनवर बसवून ठेवणं म्हणजे आम्ही तुझी किंमत करत नाही हे सांगणंच झालं. मॅनेजर मीटिंगमध्ये अडकला तर तुम्ही स्वतः खाली जा, चहा सांगा, किती वेळ लागेल ते खरं सांगा आणि दुसरा दिवस हवा असेल तर तोही द्या.

रंगपंचमीला इंदूरमध्ये काहीही ठेवू नका, राजवाड्याच्या बाजूला गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक निघते, रस्ते बंद, लोकल सुट्टी. बाहेरून आलेले मॅनेजर कॅलेंडर बघून ती तारीख देतात, तुम्ही सांगायचं.

रिमाइंडर, टेस्टची लिंक, लोकेशन, हे सॉफ्टवेअरनं पाठवलं तर छानच, तो वेळ तुम्हाला बोलायला मिळतो. सीव्ही गाळायला आता एआयही लावतात, लावू दे, पण गाळलेल्यांतून काही सीव्ही रोज स्वतः उघडून बघा, कारण आयटीआय करून बारा वर्षं मेंटेनन्स केलेल्या माणसाचा सीव्ही कुणा सायबर कॅफेवाल्यानं टाइप केलेला असतो, त्यात मशीनला हवे ते शब्द नसतात. फोन लावलात तर पाच मिनिटांत कळतं की हा माणूस हिरा आहे.

आता ती आधी राहिलेली गोष्ट. जवळीक आणि निवड या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. गप्पा छान झाल्या, मुलगा आपल्याच बाजूचा निघाला, हसतमुख आहे, म्हणून तो कामाला चांगला असं होत नाही. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला त्यात सगळ्यांना तेच प्रश्न, तेच निकष असा ठरीव इंटरव्ह्यू हा मोकळ्या गप्पांच्या इंटरव्ह्यूपेक्षा बराच भरवशाचा निघाला. २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासून बरेच खाली आणले, तरी ठरीव इंटरव्ह्यू सगळ्यांत वरच राहिला. म्हणून मॅनेजरकडून पाच-सहा प्रश्न आधी लिहून घ्या, सगळ्यांना तेच विचारायला लावा आणि मार्क लगेच टाकून घ्या. तुमचं बोलणं कशासाठी तर माणसाला नीट माहिती मिळावी, आदर मिळावा, तो खरं बोलावा. निवड त्या प्रश्नांवर होऊ दे.

पायरी ५: नाही सांगायचं असेल तर

"कळवतो" म्हणून न कळवणं ही आपल्या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय आहे. माझा नियम साधा आहे, फक्त सीव्ही पाहिला असेल तर मेसेज पुरे, पण जो माणूस चालून ऑफिसात आला त्याला फोन. दोन-तीन मिनिटांचा. निवड झाली नाही हे पहिल्याच वाक्यात, मग एक खरं कारण, कामाबद्दलचं, त्याच्या स्वभावाबद्दलचं नाही, "ड्रॉइंग रीडिंगमध्ये जीडी अँड टीचे (ड्रॉइंगवरच्या मापांच्या आणि टॉलरन्सच्या खुणांचे) प्रश्न अडले, तेवढं पक्कं करा". वाद घालायला लागला तर ऐकून घ्या, निर्णय बदलणार नाही हे शांतपणे सांगा आणि ठेवा. खोटी आशा दाखवू नका, "पुढच्या वेळी नक्की" वगैरे.

हे फक्त चांगुलपणापोटी नाही. ब्रिटनमधल्या व्हर्जिन मीडिया या टीव्ही-इंटरनेट कनेक्शन देणाऱ्या कंपनीनं २०१४ च्या सुमारास हिशोब मांडला होता की नाकारलेले बरेच उमेदवार आपलेच ग्राहक असतात आणि वाईट अनुभव आल्यावर कनेक्शन तोडतात, नुकसान वर्षाला सुमारे ४४ लाख पाउंडांचं निघालं. आपल्याकडे कनेक्शन तोडायचा प्रश्न नसेल पण पिथमपूर, देवास, सांवेर रोड मिळून सगळे एकमेकांना ओळखतात, आज तुम्ही ज्याला दोन तास बसवून विसरलात त्याचा रूममेट पुढच्या महिन्यात तुम्हाला हवा असतो.

पायरी ६: ऑफर द्यायची ती बोलून

ऑफर लेटर मेल करून वाट बघत बसू नका. आधी फोन, आणि त्यात सीटीसी (कंपनीचा त्याच्यावरचा एकूण खर्च) नाही, हातात किती येणार ते सांगा. समजा वर्षाचं पॅकेज ३,६०,००० आहे. माणूस डोक्यात ३०,००० धरतो. पण बेसिक १५,००० असेल तर कंपनीच्या बाजूचा पीएफ १२ टक्क्यांनी १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० बऱ्याच कंपन्या त्या तीस हजारांतच धरतात, राहिले २७,४८० च्या आसपास, त्यातून त्याच्या बाजूचा पीएफ पुन्हा १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स थोडा, म्हणजे हातात साडेपंचवीस हजार. यातच व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, धरलं असेल तर आणखी कमी. हा हिशोब पहिल्या पगाराच्या दिवशी मोबाइलवर एसएमएस बघून कळला तर माणूस फसल्यासारखा होतो, तुम्ही फोनवर कागद-पेन घ्यायला लावून सांगितला तर त्याला वाईट वाटतं पण विश्वास बसतो. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) लागू होतं, ०.७५ टक्के त्याचे कापले जातात पण घरच्यांनाही उपचार मिळतात, हेही सांगा, आईवडील अवलंबून असणाऱ्यांना याचं फार महत्त्व असतं.

मग विचारा, घरी कोणाशी बोलायचंय? निर्णय एकटा घेणारे आपल्याकडे कमीच.

पायरी ७: नोटीस पीरियड, खरी परीक्षा इथे

ऑफर स्वीकारली की नवीन रिक्रूटर शीटमध्ये हिरवा रंग भरतो आणि पुढच्या जागेकडे वळतो. तीस दिवस, साठ, आयटीत नव्वद. या दिवसांत त्याची जुनी कंपनी पगार वाढवून देते, दुसरी कंपनी फोन करते, बायकोला पिथमपूर लांब वाटतं, कोणी मित्र सांगतो त्या कंपनीत काही खरं नाही. आणि तुमच्याकडून काय, तर शेवटच्या आठवड्यात एक मेसेज, "जॉइनिंग कन्फर्म ना?" त्यावर तो "येस मॅम" लिहितो आणि येत नाही.

राजीनामा देणार त्या दिवशी संध्याकाळी फोन करा. तो दिवस जड असतो, साहेबांनी केबिनमध्ये बसवून घेतलेलं असतं, भावनिक बोललेले असतात. काउंटर ऑफर आली का हे सरळ विचारा, आणि आली असेल तर त्याला घाबरवू नका, फक्त पहिल्या फोनवर तो जे कारण बोलला होता त्याची आठवण द्या, रात्रपाळी झेपत नाही म्हणाला होतात, ती बंद करतायत का? पगार वाढवून तेच काम तिथेच करायचं असेल तर त्यानं ठरवावं, त्याचा हक्क आहे. त्यानंतर दर आठवड्याला एकदा, पाच मिनिटं. दर वेळी कन्फर्म ना विचारायचं नाही, एकदा मॅनेजरशी बोलणं करून द्या, एकदा टीममधल्या त्याच्याच वयाच्या कोणाचा तरी नंबर द्या, एकदा बसचा पिकअप पॉइंट पक्का करा.

घरच्यांचे फोन येतात, त्याला त्रास समजू नका. सुदामानगरचे एक काका, मुलगा अहमदाबादची नोकरी सोडून घरी परत येणार होता, त्यांनी मला फोन केला.

"मॅडम, मी त्याचा बाबा बोलतोय. रागावू नका, पण कंपनी पक्की आहे ना? तिकडचं चांगलं चाललंय त्याचं."

"काका, रागवायचं काय त्यात. तुम्ही काय काय ऐकलंय ते सांगा आधी."

"असं म्हणतात की तिथे सहा महिन्यांत काढून टाकतात."

"प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे, ते खरं. त्यात काम बघतात. मागच्या बॅचमधले बहुतेक पक्के झालेत, पण सगळे झालेत असं मी म्हणणार नाही. तुम्ही रविवारी या दोघं, मी प्लांट बाहेरून तरी दाखवते, बसचा रस्ता बघा."

ते आले, बघून गेले, बाहेर टपरीवर आम्ही चहा प्यायलो, त्यांनी मला पीएफ पासूनचे सगळे प्रश्न विचारले. मुलगा ठरल्या दिवशी जॉइन झाला. नोकरी एकट्याची नसते, ती घरात सगळ्यांची असते, मग घरच्यांशी बोलायला कमीपणा कसला.

तारखांचंही बघा. पितृपक्षात जॉइन व्हायला बरेच जण तयार नसतात, वाद घालू नका, चार दिवस मागे-पुढे करून द्या. दिवाळीच्या आधी राजीनामे थांबतात ते बोनसमुळे. कायद्यानं वर्षात ३० दिवस काम केलेला आणि पगाराच्या मर्यादेत बसणारा माणूस बोनसला पात्र असतो आणि तो किमान ८.३३ टक्के असतो, तरी राजीनामा दिला की पैसे अडकवतील ही भीती खरीच असते. त्याला दिवाळीनंतरची तारीख हवी असेल तर मॅनेजरला आधीच सांगा. त्यानं न सांगता गायब होण्यापेक्षा पंधरा दिवस उशिरा आलेला बरा.

शेवटच्या आठवड्यात कागद, रिलीव्हिंग लेटर, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आधार, पॅन, पीएफचा यूएएन नंबर, बँकेचं पासबुक. एकदम अकरा गोष्टींची यादी पाठवून "टुडे ईओडी" (आज दिवस संपायच्या आत) लिहू नका, रिलीव्हिंग लेटर जुन्या कंपनीकडून यायला वेळ लागतो, त्याच्या हातात ते नसतं.

पायरी ८: जॉइनिंगचा दिवस आणि पुढचा महिना

त्या दिवशी गेटवर तुम्ही हजर राहा, निदान सिक्युरिटीकडे त्याचं नाव आधी गेलेलं असू द्या. आयडी कार्ड, बसचा पास, जागा, लॉकर, दुपारी कोणासोबत जेवायचं, या साध्या गोष्टींनी पहिला दिवस चांगला किंवा वाईट होतो. दुपारी एकटा कँटीनच्या कोपऱ्यात बसलेला नवीन माणूस मला आजही बघवत नाही.

तिसऱ्या दिवशी एक फोन, पंधराव्या दिवशी एक, आणि पहिला पगार झाल्यावर एक, आकडा सांगितला होता तोच आला ना. कमी आला असेल तर अकाउंट्सशी तुम्ही भांडा, त्याला तिकडे पाठवू नका. कामाची तक्रार करत असेल तर ऐका, पण त्याच्या मॅनेजरच्या पाठीमागे काही ठरवू नका, "हे त्यांच्याशी बोलूया, मी बसते सोबत" म्हणा.

आणि ज्यांनी तुम्हाला नाही म्हटलं त्यांचा नंबर पुसू नका. तीन वर्षांपूर्वी नाही म्हटलेला मेंटेनन्सचा माणूस आज घर राऊला बदलल्यामुळे स्वतः फोन करतो, असं होतं. नाही म्हणताना त्याला एवढंच विचारा, पुन्हा कधी बोललेलं चालेल? तो म्हणेल अप्रेझल झाल्यावर बघू, किंवा मुलीची दहावी होऊ दे. ती तारीख शीटमध्ये टाका आणि त्या आठवड्यात, जागा असो वा नसो, फोन करून मुलीला किती टक्के पडले ते विचारा.